पिंप कशाचं आहे, ते विचारा



कारखान्यातल्या अपघातावर लिहायचं म्हटलं की डोळ्यांसमोर धुराचे लोट येतात, अग्निशमन दलाच्या गाड्या येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला मृतांचा आकडा येतो. या अंकात मला त्याहून कितीतरी साध्या वस्तूबद्दल लिहायचं आहे. ती वस्तू कारखान्याच्या फाटकाबाहेर, आपल्या दारात उभी असते. दोनशे लिटरचं पिंप.

बोईसर, सरावली, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या पट्ट्यात पिंप नसलेलं घर शोधावं लागेल. निळं प्लॅस्टिकचं असेल तर त्यात पाणी. लोखंडी असेल तर तांदूळ किंवा सरपण, मधोमध कापलेलं असेल तर चूल, पत्रा सपाट करून ठोकला असेल तर न्हाणीचा आडोसा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ही पिंपं भरून येतात, रिकामी होतात, भंगारवाल्याकडे जातात आणि तिथून आपल्याकडे. पाण्याचे हाल जितके जास्त, तितकी पिंपं जास्त. आणि पाणी भरणं, साठवणं, पुरवून वापरणं हे काम कुणाचं, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गटानं बोईसरच्या चाळींत आणि आसपासच्या पाड्यांवर काही बैठका घेतल्या. विषय पाण्याचा होता. बोलता बोलता पिंपावर आलो आणि मी विचारलं, "तुमच्या पिंपात आधी काय होतं?" वीस-बावीस बाया होत्या. एकीलाही सांगता आलं नाही. एक वहिनी म्हणाल्या, "औषधाचं होतं." दुसऱ्या म्हणाल्या, "मग बरंच की!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण आपल्या भाषेत औषध म्हणजे तापावरची गोळीही असते आणि भातावर फवारायचं विषही असतं. तारापूरचे कितीतरी कारखाने खरोखरच औषधांचा कच्चा माल करतात. तो माल करताना जे पातळ पदार्थ लागतात, त्यांना कामगार 'सॉल्व्हंट' म्हणतात. त्यातला एकही पोटात घ्यायचा नसतो.

एका घरामागच्या लोखंडी पिंपावर अर्धी फाटलेली पाटी सापडली. लाल चौकोन टोकावर उभा केलेला, त्यात ज्वाळेचं चित्र, आणि खाली आकडा : १२९४. नाव इंग्रजीत होतं, टोल्युईन. या एका रसायनाबद्दल मी आज सविस्तर लिहिणार आहे. सगळ्यांत भयंकर रसायन ते नव्हे. याहून वाईट रसायनं तारापुरात आहेत. पण हे सर्रास वापरलं जातं, रंगाच्या थिनरमध्ये असतं, चिकटवायच्या डिंकात असतं आणि पिंपातून घरी येतं. हे एक नीट समजलं तर त्याच्या भावकीतल्या बाकीच्यांशी कसं वागायचं, तेही बरंचसं समजतं.

टोल्युईन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. वास गोडसर, रंगकामाच्या दुकानात येतो तसा. पाण्याहून हलकं असल्यामुळे पाण्यात न मिसळता वर तरंगतं. त्याची वाफ मात्र हवेच्या तिप्पट जड असते, म्हणून ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, गटारात उतरते, खड्ड्यात साचते. स्वयंपाकाच्या गॅसचं आपल्याला ठाऊक असतं : वास आला की बटण दाबायचं नाही, काडी ओढायची नाही, दारं-खिडक्या उघडायच्या आणि खाली साचलेला गॅस बाहेर जाऊ द्यायचा. तेच शहाणपण इथं लागू आहे. फरक इतकाच की सिलिंडरच्या बाबतीत ते आपल्याला टीव्हीवरून, एजन्सीकडून, शेजारणीकडून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि पिंपाच्या बाबतीत कुणी कधी सांगितलं नाही.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक पेटत्या द्रवाचं एक तापमान दिलेलं असतं. त्या तापमानाला द्रवातून एवढी वाफ निघू लागते की ठिणगी मिळाली तर पेट घ्यावा. टोल्युईनसाठी ते सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. बोईसरला जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा एवढा उतरत नाही. म्हणजे बारा महिने, चोवीस तास ते पेटायला तयार असतं. दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा. हवेत त्याची वाफ साधारण १.१ टक्क्यापासून ७ टक्क्यांपर्यंत असेल तर ठिणगीनं नुसती आग लागत नाही, भडका उडतो, आणि बंद भांड्यात स्फोट होतो. आता दोनशे लिटरचं पिंप घ्या. त्यातली हवा स्फोटक व्हायला किती टोल्युईन पुरेल? मी हिशोब दोनदा करून पाहिला. दहा मिलिलिटरच्या आत. चहाचे दोन चमचे.

रिकामं पिंप भरलेल्याहून धोक्याचं असतं ते यामुळे. भरलेल्या पिंपात वाफेला जागा थोडी असते. रिकाम्यात तळाशी, कडेच्या पन्हाळीत, बुचाच्या आट्यांत दोन चमचे उरलेले असतातच, आणि वर सगळी जागा वाफेला मोकळी. त्यातही गंमत बघा (गंमत म्हणायची का?) : पेट्रोलच्या टाकीतली वाफ बहुतेक वेळा इतकी दाट असते की आत ठिणगी पडली तरी तिला पेटायला हवा कमी पडते. आपल्याकडच्या हवामानात टोल्युईनच्या पिंपातली वाफ चार-पाच टक्क्यांवर असते, म्हणजे बरोबर स्फोटाच्या मधल्या पट्ट्यात. अशा पिंपावर भंगारच्या दुकानात गॅसकटर लावतात. आपल्या दारात छिन्नी-हातोडा चालतो. अर्ध्या पिंपाची चूल करणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी शेणामातीनं लिंपण करायला सांगतात, पण आधी त्यात काय होतं ते विचारायला सांगत नाहीत.

"धुऊन घेतो की आम्ही," असं मला प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळालं. साबणाचं पाणी, राख, चिंच, सगळं वापरून होतं. पण टोल्युईन पाण्यात विरघळतं ते लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम. धुतल्यावर ते नाहीसं होत नाही, पाण्यावर तरंगत गटारात जातं आणि तिथून वाफ देत राहतं. गटाराच्या कडेला पोरं खेळत असतात, कुणी विडी ओढत बसलेलं असतं. प्लॅस्टिकच्या पिंपाची तऱ्हा आणखी वेगळी. प्लॅस्टिक सॉल्व्हंट शोषून घेतं आणि मग आठवडेच्या आठवडे आतल्या पाण्यात थोडं थोडं सोडत राहतं. एक मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, वास गेला की विष गेलं." बऱ्याच रसायनांना मुळी वासच नसतो. आणि ज्यांना असतो त्यांचाही वास थोड्या वेळानं नाकाला जाणवेनासा होतो. कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना हे मी सांगायची गरज नाही. पाहुणे आले की तेच आधी नाक मुरडतात.

कायदा काय म्हणतो? घातक कचऱ्याबाबतच्या २०१६च्या केंद्रीय नियमांत रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं ही घातक कचरा म्हणून नाव घेऊन नोंदलेली आहेत, अनुसूची १, क्रमांक ३३.१. म्हणजे कारखान्यानं ती परवानाधारक केंद्राकडेच द्यायची, तिथं ती शास्त्रोक्त साफ व्हायची आणि या सगळ्याची नोंद राहायची. प्रत्यक्षात ती टेम्पोत रचून भर दुपारी बोईसरच्या रस्त्यावरून जाताना आपण सगळ्याजणी बघतो. यात भंगारवाल्याला धरून बडवण्यात मला रस नाही. तो आणि त्याच्या गोदामात पिंपं घासणाऱ्या बाया या साखळीच्या शेवटच्या कडीला आहेत. पिंप पहिल्यांदा फाटकाबाहेर कुणी आणि कोणत्या कागदावर सोडलं, हा प्रश्न आहे.

आता फाटकाच्या आत जाऊ. तारापूरच्या कारखान्यांत बाया आहेत. गोळ्या-कॅप्सूलच्या पॅकिंगला आहेत, कापड गिरण्यांत आहेत, आणि ठेकेदाराकडून झाडलोट, बाटल्या-पिंपं धुणं, गोणी उचलणं या कामांना आहेत. हजेरीपटावर त्यांचा हुद्दा 'हेल्पर' असतो. रिॲक्टरवर त्या नसतात, म्हणून धोक्याच्या कामावर नाहीत असं कागद सांगतो. पण सांडलेलं पुसायला फडकं घेऊन कोण वाकतं? जड वाफ जमिनीलगत असते, हे वर लिहिलंच आहे. वाकलेल्या बाईचं नाक नेमकं तिथं येतं.

हे काम सुरक्षितपणे कसं करायचं, याचं ज्ञान नवीन नाही आणि गुप्तही नाही. टोल्युईन एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना, नळीतून वाहताना, त्यावर स्थिर वीज जमते. थंडीच्या दिवसांत पॉलिएस्टरची साडी सोडताना जी चर्रचर्र होते, तीच ही. म्हणून दोन्ही भांडी तारेनं एकमेकांना जोडायची आणि जमिनीशीही जोडायची, द्रव उंचावरून धबधबा न पाडता नळी तळापर्यंत नेऊन हळू सोडायचा, प्लॅस्टिकच्या बादलीत तर घ्यायचाच नाही. त्या खोलीतले दिवे, पंखे, बटणं ठिणगी न पाडणारी असावी लागतात. हवा खेचून घेणारा पंखा वर छताला बसवून उपयोग नाही, तो खाली हवा. अंगावर सुती कपडे, हातात त्या रसायनाला टिकणारे हातमोजे. नाकावर ओढणी किंवा सर्जिकल मास्क बांधणं म्हणजे चाळणीनं पाणी अडवणं. धुळीचा एन-९५ मास्कसुद्धा वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचा डबा लावलेला मुखवटा लागतो, तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो आणि डबा वेळेवर बदलावा लागतो. बाईच्या चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा मागवलेला मी अजून पाहिला नाही. बुटांचीही तीच गत, सातच्या पायात नऊचा बूट. आणि गूळ! पाळी सुटल्यावर गुळाचा खडा दिला की छातीतलं केमिकल उतरतं, ही समजूत कामगारांत आहे आणि मालकांनाही ती सोयीची आहे, कारण गूळ मुखवट्याहून स्वस्त असतो. गूळ खाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तो पोटात जातो, फुप्फुसात नाही.

टोल्युईन शरीरात काय करतं? लगेच जाणवतं ते डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, दारू प्यायल्यासारखी गुंगी. वर्षानुवर्षं हुंगत राहिलं तर मेंदू, ऐकणं, रंग ओळखणं यांवर परिणाम होतो. आणि गरोदरपणावर. १९९२ साली सिंगापूरमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ध्वनिवर्धक बनवणाऱ्या कारखान्यात डिंक लावणाऱ्या बाया रोज टोल्युईनच्या वाफेत होत्या, हवेतलं सरासरी प्रमाण दहा लाख भागांत ८८ भाग. त्यांच्यात शंभर गरोदरपणांमागे बारा आपोआप गर्भपात आढळले. त्याच कारखान्यात ज्यांचा टोल्युईनशी फारसा संबंध नव्हता, त्यांच्यात तीन. आता आपल्या १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या पाळीसाठी टोल्युईनची मर्यादा किती होती? दहा लाखांत १०० भाग. म्हणजे ज्या हवेत त्या बायांची पोटं खाली झाली, ती हवा आपल्या कायद्याच्या हिशोबानं निर्धोक होती. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेनं आपली शिफारस २००७ मध्ये २० वर आणली.

बोईसरच्या एखाद्या बाईचा गर्भपात झाला तर केसपेपरवर वजन लिहितात, रक्त किती ते लिहितात, "जड उचललं का?" असं विचारतात. कामावर काय हुंगतेस, असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. सासू पपईचं नाव घेते. बेंझीन आणि त्याच्या विषारी भावंडांमुळे होणारे आजार हे व्यवसायजन्य आजार म्हणून कामगार भरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत कैक वर्षांपूर्वी आले, टोल्युईन हे त्यातलंच भावंड. पण अनुसूचीतला आजार आणि केसपेपर यांची गाठ पडण्यासाठी कुणीतरी तो प्रश्न विचारावा लागतो. लघवीच्या तपासणीतून टोल्युईन किती शरीरात गेलं याचा अंदाज घेता येतो. त्यात एक मेख आहे : लोणची, सरबतं, शीतपेयं टिकवायला जे सोडियम बेंझोएट घालतात, त्यानंही तीच खूण लघवीत वाढते. तपासणी करणाऱ्याला हे माहीत हवं. आणि जिथं बायांना कामावर धड संडास नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, तिथं लघवीच्या तपासणीची भाषा काय करायची?

इथं आपल्या गटात मतभेद आहे, तो मोकळेपणानं मांडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि फॅक्टरी अ‍ॅक्टची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनं घेतली. तिच्यात बायांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल आणि त्यांच्या संमतीनं संध्याकाळी सातनंतर, सकाळी सहापूर्वीही काम देता येईल, असं म्हटलं आहे. काही मैत्रिणी म्हणतात, हे भांडून मिळवायचं होतं ते मिळालं. काही म्हणतात, विषाच्या कामावर बायांना बंदी होती ती बरी होती, निदान पोटातलं पोर वाचत होतं.

मला दोन्हींतलं खरं दिसतं, पण बंदीच्या बाजूनं मी नाही. रात्रपाळीची बंदी मद्रास उच्च न्यायालयानं २००० साली वसंता प्रकरणात घटनाबाह्य ठरवली, तेव्हा आपण स्वागतच केलं होतं. अमेरिकेत शिशाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स कंपनीनं मूल होऊ शकेल अशा प्रत्येक बाईला त्या कामावरून बाजूला काढलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं की हा भेदभाव आहे. शिसं पुरुषाच्या बीजालाही बाधतं, पण त्याला कुणी घरी पाठवत नव्हतं. आपल्याकडच्या बंदीनं काय झालं? बाई रिॲक्टरवर गेली नाही, तिचा नवरा गेला, आणि संध्याकाळी त्याचे केमिकलनं भिजलेले कपडे तिनं न्हाणीत घासले. बंदीनं ती विषापासून लांब गेली नाही, पगारापासून लांब गेली.

मात्र 'संमती' या शब्दापाशी मी थबकते. या शब्दाशी आपल्या चळवळीची जुनी ओळख आहे. मथुरा प्रकरणाच्या निकालावर चार कायदेशिक्षकांनी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, त्याचा गाभाच हा होता की मुकाट राहणं म्हणजे संमती नव्हे. ठेकेदाराच्या हेल्पर बाईसमोर छापील कागद आला, उद्या नाक्यावर परत उभं राहायचं नसेल तर अंगठा कर असं न बोलता सांगितलं गेलं, तर त्या अंगठ्याला काय म्हणायचं? पिंपात काय आहे हेच जिला सांगितलेलं नाही, तिची संमती कशाला?

म्हणून मला बंदी आणि मुभा या वादापेक्षा माहितीचा हक्क जास्त मोलाचा वाटतो. तो आपल्याला दानात मिळालेला नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट सुटलं, तेव्हा लोकांना ओला रुमाल तोंडावर धरा इतकंही सांगणारं कुणी नव्हतं, कारण कारखान्यात काय आहे हे वस्तीला माहीतच नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये नवं प्रकरण घातलं गेलं. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या रहिवाशांना देणं मालकावर बंधनकारक झालं, आणि जिवावरचा धोका दिसला तर तो दाखवून देण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. नव्या संहितेतही या तरतुदी आहेत. शिवाय १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक घातक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक तयार ठेवावं लागतं. कामगार त्याला 'एमएसडीएस' म्हणतात. सोळा कलमांचा, बारीक टायपातला, इंग्रजी कागद. भोपाळच्या बायांनी, रशिदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी, असले कागद मागत मागत अर्धं आयुष्य घालवलं. २००४ चा गोल्डमन पुरस्कार त्यांना मिळाला तो उगीच नाही.

कायद्याला भोकं आहेत, तीही सांगायला हवीत. अपघात झाला तर काय करायचं हे वस्तीला आधी समजावून सांगण्याचं १९८९ च्या नियमांतलं बंधन, रसायनाचा साठा ठरावीक मोठ्या प्रमाणाबाहेर असेल तरच लागू होतं. तारापुरात छोट्या कारखान्यांची रांगच्या रांग आहे. प्रत्येकाचा साठा मर्यादेच्या आत, आणि सगळे मिळून एका भिंतीला भिंत लावून उभे. नव्या संहितेत धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमायचं बंधन २५० कामगारांपासून सुरू होतं. छोट्या कारखान्यांना ते लागूच होत नाही.

भिंतीला भिंत लागून असली की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. ८ मार्च २०१८. त्या दिवशी ठिकठिकाणी आपले महिला दिनाचे कार्यक्रम झाले होते. त्याच रात्री तारापूरच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग शेजारच्या कारखान्यांत पसरली आणि तीन कामगार गेले. ११ जानेवारी २०२० ला कोलवड्याच्या हद्दीतल्या कारखान्यात स्फोट झाला, आठ जण गेले, त्यांत बायाही होत्या. २६ ऑक्टोबर २०२२ ला तीन. २१ ऑगस्ट २०२५ ला वायुगळतीत चार. दरवेळी नुकसानभरपाई जाहीर होते, चौकशी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची जी क्रमवारी लावली, तिच्यात तारापूर ९३.६९ गुणांनी पहिलं आलं. आपल्या जिल्ह्याचा पहिला नंबर आला तो असा. सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हरित लवादाकडे गेली. नवापूरच्या किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बायांच्या टोपल्या हलक्या झाल्या, म्हणून जावं लागलं. त्या लढ्यावर स्वतंत्र लेख हवा.

आणखी एक गोष्ट रस्त्याची. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कवठ्याजवळ महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला. पेट्रोल वाहू लागलं, आसपासचे लोक भांडी घेऊन भरायला आले, आणि काही तासांनी स्फोट झाला. सेहेचाळीस माणसं गेली. विमा कंपनीचं म्हणणं होतं की हा वाहनाचा अपघात नव्हेच, लोक आपणहून आले. एका मृताच्या आईनं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवलं आणि १९९१ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, मनोरवरून तारापूरकडे टँकरांची रांग असते. फुकट मिळालेलं रॉकेल-पेट्रोल गरीब बाई सोडत नाही, याला मी लोभ म्हणणार नाही. पण टँकर उलटला असेल तर पोरांना घेऊन वाऱ्याच्या उलट दिशेला, चढाकडे पळायचं आणि ११२ ला फोन करायचा. टँकरच्या पाठीवर आकडा लिहिलेला असतो, तो लांबूनच वाचून सांगायचा. १२९४ म्हणजे टोल्युईन, १२०३ म्हणजे पेट्रोल. इंग्रजी येत नसलं तरी आकडा वाचता येतो.

घरातलंही थोडं. टोल्युईन, थिनर पेटलं तर पाणी मारू नका, ते पाण्यावर तरंगत पेटतं राहील आणि आग पसरेल. थोडी आग असेल तर कोरडी वाळू, नाहीतर पावडरचं किंवा फेसाचं अग्निशामक. अंगावर सांडलं तर कपडे आधी उतरवा, लाज नंतर बघू, मग साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं सतत धार. चुकून पोरानं प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, दूध-तूपही देऊ नका. ओकताना ते फुप्फुसात उतरतं आणि तेच जिवावर बेततं. तोंडाच्या ओढीनं नळीतून सॉल्व्हंट काढणाऱ्या नवऱ्यांना, भावांनाही हे सांगा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. खरं म्हणजे ते घरी यायलाच नकोत, कारखान्यात धुतले गेले पाहिजेत. ही मागणी युनियनच्या यादीत सहसा नसते, कारण यादी लिहिणाऱ्यांनी कधी ते कपडे धुतलेले नसतात.

पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आपण निवेदन देत आहोत. प्रत्येक कारखान्यानं वापरातल्या रसायनांची माहिती मराठी आणि हिंदीत, एका पानात, मोठ्या अक्षरांत फाटकाबाहेर लावावी. ठेकेदाराच्या बायांना कामाआधी ती वाचून दाखवावी, आणि ती समजल्याशिवाय घेतलेली संमती धरू नये. बायांच्या मापाचे मुखवटे, हातमोजे, बूट असावेत. माखलेली पिंपं कुठून कुठं गेली त्याची नोंद ग्रामपंचायतीला पाहता यावी. आणि वस्तीला पाणी द्या म्हणजे पिंपं लागणार नाहीत, हेही त्यात लिहिलं आहे. निवेदनावर सह्या-अंगठे घेणं चालू आहे. आपल्या पाड्यावर, चाळीत कुणी ते काम घेणार असेल तर गटाला कळवा.

या अंकाच्या मधल्या पानावर ज्वाळेचं चित्र, कवटीचं चित्र आणि नेहमी दिसणारे आकडे मोठ्या टायपात दिले आहेत. पान फाडून पाण्याच्या जागेजवळ चिकटवा. अंक फाटला तरी चालेल.